चुंबकाने उपग्रह जोडण्याच्या कल्पनेला पेटंट मिळते का? परीक्षक नेमके काय तपासतो?

पातूर : ‘अभिनंदन! सरांचे पेटंट प्रकाशित झाले.’ अशा ओळीचे बॅनर व्हॉट्सअॅप स्टेटसवर हल्ली सारखे दिसतात. वर कॉलेजचा लोगो, खाली पुष्पगुच्छाचे चित्र. वाचणाऱ्याला वाटते, पेटंट मिळाले. प्रत्यक्षात त्या अर्जात नवे काय आहे, हे पेटंट कार्यालयात तोपर्यंत कोणी पाहिलेलेच नसते. अर्ज भरला की १८ महिन्यांनी तो कार्यालयाच्या साप्ताहिक जर्नलमध्ये आपोआप छापून येतो. घाई असेल तर २,५०० रुपये जादा भरायचे, मग महिनाभरातही येतो. लग्नपत्रिका छापली म्हणजे लग्न लागले असे आपण म्हणत नाही. पेटंटच्या बाबतीत मात्र सर्रास म्हणतो.

खरी कसोटी त्यानंतर, परीक्षणात लागते. हे परीक्षण कसे चालते ते समजून घ्यायला एक उदाहरण घेऊ. ‘स्पेडेक्स’ मोहिमेमुळे ‘डॉकिंग’ हा शब्द आता शाळकरी पोरांनाही माहीत झाला आहे. समजा, पातूरची एक मुलगी अकोला-अमरावतीकडच्या एखाद्या अभियांत्रिकी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. दोन छोटे उपग्रह चुंबकाच्या मदतीने एकमेकांना जोडणारे साधन तिने तयार केले. ही मुलगी काल्पनिक आहे. तिच्या अर्जाला लागणारे नियम मात्र खरे आहेत.

डॉकिंगमध्ये चुंबक कशाला?

३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी६० या रॉकेटने प्रत्येकी सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह अवकाशात नेले. जोडणीचा मुहूर्त दोनदा पुढे ढकलावा लागला आणि १६ जानेवारी २०२५ रोजी ते एकमेकांना जोडले गेले. रशिया, अमेरिका आणि चीननंतर हे जमलेला भारत चौथा देश. इस्रोच्या यंत्रणेचा व्यास ४५० मिलिमीटर, मोटारी फक्त दोन. शेवटच्या टप्प्यात उपग्रह एकमेकांकडे सरकण्याचा वेग सेकंदाला साधारण १० मिलिमीटर, म्हणजे गोगलगायीला लाज वाटावी इतका. ही जोडणी यांत्रिक पद्धतीची होती.

चुंबकाचा मार्ग वेगळा आहे. जपानच्या अॅस्ट्रोस्केल कंपनीने मार्च २०२१ मध्ये ‘एल्सा-डी’ ही मोहीम सोडली. त्यात १७५ किलोचा एक ‘सेवक’ उपग्रह होता आणि १७ किलोचा एक ‘ग्राहक’. ग्राहकाच्या अंगावर चुंबकाला चिकटणारी धातूची तबकडी बसवलेली होती. २५ ऑगस्ट २०२१ रोजी सेवकाने त्याला सोडले आणि चुंबकाने पुन्हा पकडले. पुढच्या टप्प्यात सेवकाचे काही थ्रस्टर निकामी झाल्याने मोहीम रखडली, पण चुंबकाने पकडता येते हे सिद्ध झाले होते. उद्देश होता बंद पडलेले उपग्रह गोळा करण्याचा, सोप्या शब्दांत अवकाशातली घंटागाडी.

चुंबकाचा फायदा असा की शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये तो स्वतःच ओढून घेतो, थोडा नेम चुकला तरी सावरतो. तोटाही त्यातच आहे. दोन चुंबक त्यांच्या आकाराच्या मानाने दूर असतील, तर अंतर निम्मे झाले की ओढ साधारण सोळापट होते. म्हणजे लांबून काहीच जाणवत नाही आणि जवळ आल्यावर एकदम आदळते. शिवाय पृथ्वीलाही स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आहे. उपग्रहावर मोठा चुंबक बसवला की तो होकायंत्राच्या सुईसारखा वळू पाहतो.

या वळण्याचा मुद्दाम उपयोग केल्याचे उदाहरण पुण्यातच आहे. कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला जेमतेम एक किलोचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून गेला. त्याची दिशा स्थिर ठेवायला मोटार नव्हती. चुंबक आणि पृथ्वीचे क्षेत्र यांच्या ओढीवरच ते काम भागवले होते. ‘स्वयम्’साठी जी सोय, तीच आपल्या पातूरच्या मुलीसाठी अडचण. जोडायला निघालेले दोन्ही उपग्रह भलतीकडेच तोंड फिरवू लागले तर? पेटंट मिळणारच असेल तर ते अशा अडचणीच्या उत्तराला मिळेल. नुसत्या चुंबकाला नाही.

परीक्षकाच्या टेबलावर काय होते?

महाराष्ट्रातला अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात जातो. (देशात अशी कार्यालये चार: मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता.) परीक्षकांना तयार करणारी राष्ट्रीय संस्था मात्र आपल्या विदर्भात, नागपूरला आहे. वऱ्हाडातल्या किती कॉलेजांनी आपली पोरे एकदा तरी तिथे नेली असतील, असा प्रश्न पडतो.

अर्ज भरला म्हणून परीक्षण सुरू होत नाही. त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते, वेगळे शुल्क भरावे लागते. ही मुदत पूर्वी ४८ महिने होती. मार्च २०२४ च्या नव्या नियमांनी ती ३१ महिने केली. मुदतीत विनंती केली नाही तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते. स्टेटसवर झळकलेले कित्येक अर्ज असे गुपचूप मरतात आणि त्यांच्या तेराव्याचा बॅनर कोणी लावत नाही.

विनंती झाली की अर्ज परीक्षकाकडे जातो. तो प्रस्तावना आणि रंगीत चित्रांपाशी फार थांबत नाही. तो जातो ‘दाव्यां’कडे. अर्जाच्या शेवटी क्रमांक घालून लिहिलेली ती वाक्ये. शेताच्या सातबाऱ्याला आणि मोजणीच्या नकाशाला जे महत्त्व, ते पेटंटमध्ये दाव्यांना. आपली हद्द कुठून कुठपर्यंत, हे तिथे ठरते.

समजा, मुलीने पहिला दावा असा लिहिला : ‘चुंबकाच्या साहाय्याने दोन उपग्रह जोडणारे साधन.’ परीक्षक जगभरच्या पेटंटांचे आणि शोधनिबंधांचे डेटाबेस उघडतो. ‘एल्सा-डी’ची कागदपत्रे सापडायला त्याला एक चहा संपायचाही वेळ लागणार नाही. दावा तिथेच पडला. शोध ‘नवा’ हवा याचा अर्थ जगात नवा. पातुरात नवा असून चालत नाही, भारतात नवा असूनही नाही.

मग ती हद्द आखडते. दुसऱ्या दाव्यात म्हणते : चुंबक कायम चालू नसेल. विजेचा एक झटका दिला की ओढ सुरू, दुसरा दिला की बंद; मधल्या काळात वीज लागणार नाही आणि पृथ्वीच्या क्षेत्राने उपग्रह वळण्याचा त्रासही होणार नाही. कल्पना चांगली आहे. पण अशा चालू-बंद होणाऱ्या कायमस्वरूपी चुंबकांवर अमेरिकेच्या एमआयटीत २०१० साली एक अख्खा पीएच.डी. प्रबंध झालेला आहे. परीक्षक आता दोन कागद शेजारी ठेवतो. त्यांना तो डी१, डी२ अशी नावे देतो. डी१ मध्ये चुंबकाने पकडणारा उपग्रह, डी२ मध्ये चालू-बंद होणारा चुंबक. मग प्रश्न : या क्षेत्रातल्या जाणकार माणसाने हे दोन कागद वाचले असते तर त्याला तुमची जोडणी सहज सुचली असती का? ‘हो’ असेल तर वस्तू नवी असूनही पेटंट नाही. कायद्याच्या भाषेत याला ‘शोधकता’ नसणे म्हणतात. अर्ज सर्वाधिक अडतात ते इथे.

मिर्झापूरची भांडी

या प्रश्नावरचा आपल्याकडचा सर्वात गाजलेला निकाल भांड्यांचा आहे. मिर्झापूरच्या एका कारखान्याने १९५१ साली पेटंटसाठी अर्ज केला होता. लेथवर फिरवताना भांडे घट्ट धरून ठेवणारे साधन, असा तो शोध. दुसऱ्या कारखान्याने तसेच साधन वापरले, वाद सुरू झाला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज’ या खटल्यात डिसेंबर १९७८ मध्ये न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरवले. साधन उपयोगी होते, काम सोपे करणारे होते, याबद्दल फारसा वाद नव्हता. पण जुन्या, माहीत असलेल्या गोष्टींत एखादा कुशल कारागीर कामाच्या ओघात करील तेवढाच तो बदल होता. न्यायालयाच्या भाषेत ती ‘वर्कशॉप सुधारणा’ होती.

एक वस्तू दुसरीला घट्ट कशी धरून ठेवेल, हाच प्रश्न लेथवरच्या भांड्यालाही होता आणि अवकाशातल्या उपग्रहालाही आहे. म्हणून चुंबकाच्या डॉकिंगचा अर्ज मिर्झापूरच्या चाळणीतून जातोच. आपल्याकडच्या कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात दिवसाला दोन ‘वर्कशॉप सुधारणा’ होतात. त्या कारागिरांबद्दल आदर आहे, पण वीस वर्षांची मक्तेदारी तेवढ्यावर मिळत नाही. मिळू नये, असेच माझे मत आहे. नाहीतर उद्या प्रत्येक पाना-पकडीवर कोणीतरी हक्क सांगेल.

याशिवाय कायद्याचे कलम ३ आहे. कशाला ‘शोध’ म्हणायचे नाही याची ती यादी. आपल्या उदाहरणाला त्यातली तीन पोटकलमे भिडतात. ३ (सी) : निव्वळ वैज्ञानिक तत्त्व सापडले म्हणजे शोध नव्हे, चुंबक चुंबकाला ओढतो, यावर कोणाचा हक्क नाही. ३ (एफ) : माहीत असलेली साधने नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापले नेहमीचेच काम करत राहिले, तर तोही शोध नव्हे. एका चौकटीवर चुंबक, कॅमेरा आणि हुक बसवले तर हा आक्षेप ठरलेलाच. ३ (के) : निव्वळ गणिती पद्धत किंवा संगणक प्रोग्राम. उपग्रह जवळ आणणारे सॉफ्टवेअर कितीही भारी असले तरी एकट्याने चालत नाही.

मग उरते काय? बरेच काही उरते. चुंबकाचे ध्रुव अशा नक्षीत मांडले की उपग्रह एकाच विशिष्ट कोनात बसतील, इतर कोनांत एकमेकांना ढकलतील, आणि त्या नक्षीचा पृथ्वीच्या क्षेत्राशी होणारा एकूण परिणाम जवळजवळ शून्य राहील. एकाच मांडणीने दोन अडचणी सुटतात आणि सुटे भाग एकमेकांच्या मदतीने काहीतरी वेगळे करतात. अशा दाव्यावर परीक्षकाला मान मोडून बसावे लागते. तरीही मिळेलच असे नाही. नक्षीदार ध्रुवांचे चुंबकही इतर कामांसाठी माहीत आहेत. पण वाद आता खऱ्या मुद्द्यावर आलेला असतो.

आक्षेपपत्र आले म्हणजे नापास?

परीक्षकाचे सगळे म्हणणे ज्या पत्रात येते, त्याला पहिला परीक्षण अहवाल किंवा ‘एफईआर’ म्हणतात. तो येण्याच्या तारखेपासून उत्तराला सहा महिने मिळतात, विनंती केल्यास आणखी तीन. हे पत्र आले की अनेक जण घाबरून गप्प बसतात. उत्तर गेले नाही की अर्ज सोडून दिला असे धरतात. खरे म्हणजे आक्षेपांशिवाय पार पडणारा अर्ज दुर्मीळ. त्या पत्रात तुमच्या विषयातले सर्वात जवळचे कागद कोणीतरी शोधून, क्रमांक घालून दिलेले असतात. एमटेकच्या पोराला गाइड इतके करून देईल याची खात्री नाही.

उत्तरात दावे आखडता येतात, युक्तिवाद करता येतो. मूळ अर्जात नसलेली नवी गोष्ट मात्र नंतर घुसवता येत नाही. म्हणूनच पहिल्या दिवशी तपशील भरभरून लिहावा लागतो : चुंबक कोणत्या धातूचा, उन्हा-सावलीत तापमान बदलले तर ओढ किती टिकेल, जोडणी सोडवायची कशी. नेहमीच्या निओडिमियम चुंबकाची ताकद ८० अंश सेल्सियसच्या पुढे कायमची घटू शकते. हे अर्जात नसेल आणि परीक्षकाने विचारले, तर ‘ते नंतर पाहू’ हे उत्तर चालत नाही. जाणकाराला वाचून ती वस्तू बनवता आली पाहिजे, ही कायद्याची अट आहे. मक्तेदारीच्या बदल्यात समाजाला मिळते ते एवढेच.

जबाबदारी एकट्या अर्जदारावर नाही. ‘हे तर सहज सुचण्यासारखे आहे’ असे एका ओळीत लिहून नियंत्रकाला अर्ज फेटाळता येत नाही. जुने ज्ञान काय, अर्जात काय आणि जाणकार पहिल्यावरून दुसऱ्याकडे कसा पोहोचला असता, हे मांडावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ‘अॅग्रीबोर्ड’ प्रकरणात बजावले आहे. पेटंटचे अपील लवाद मंडळ २०२१ मध्ये बंद झाल्यापासून फेटाळलेल्या अर्जाला थेट उच्च न्यायालयात जावे लागते. वऱ्हाडातल्या विद्यार्थ्याला ते परवडेल का, हे सांगायला नको. म्हणून पहिल्या टप्प्यावरचे परीक्षण नीट होणे आपल्यासारख्यांसाठी जास्त गरजेचे. १५ मार्च २०२३ ते १४ मार्च २०२४ या वर्षात एक लाखाहून अधिक पेटंट दिल्याचे सरकारने अभिमानाने सांगितले. साचलेले अर्ज निकाली निघाले हे चांगलेच. पण वेग वाढताना प्रत्येक अर्जाला परीक्षकाचा किती वेळ मिळतो, हाही आकडा त्यासोबत यायला हवा.

आधी रील, मग अर्ज?

आपल्या पोरांचे सर्वात मोठे नुकसान इथे होते. साधन तयार झाले की पहिले काम व्हिडिओ काढण्याचे. मग कॉलेजचे प्रदर्शन, मग ‘आविष्कार’सारखी स्पर्धा, मग स्थानिक वर्तमानपत्रात फोटो (यात आमचाही हात असतो). सहा महिन्यांनी कोणीतरी पेटंट सुचवतो. तोवर तुमचाच व्हिडिओ तुमच्या विरोधातला डी१ झालेला असतो. कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती अरुंद आहे : केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेले प्रदर्शन, विद्वत्सभेत वाचलेला निबंध, अशा मोजक्या जागांपुरती. इन्स्टाग्राम ही विद्वत्सभा नाही.

क्रम सोपा आहे. आधी अर्ज भरायचा, तोही हवा तर तात्पुरता. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात. मग काय नाचायचे ते नाचा.

उपग्रहाचे प्रकरण म्हणून आणखी दोन गाठी

पहिली गाठ गुप्ततेची. बंद उपग्रह पकडणारा हात चालू उपग्रहही पकडू शकतो. मित्राचाही आणि शत्रूचाही. कलम ३५ नुसार संरक्षणाशी संबंध असलेला शोध वाटला तर नियंत्रक त्याच्या प्रकाशनावर बंदी घालू शकतो. त्याच कारणाने भारतात राहणाऱ्याला परवानगीशिवाय थेट परदेशात पेटंटचा अर्ज करता येत नाही. एक तर लेखी परवानगी घ्या, नाहीतर आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबा. परदेशातल्या मित्राबरोबर स्टार्टअप काढणाऱ्यांना हे कलम ३९ बहुधा माहीतच नसते. मोडले तर अर्ज तर जातोच, शिक्षेचीही तरतूद आहे.

दुसरी गाठ जास्त अवघड. भारतीय पेटंट भारतात चालते. उपग्रह पृथ्वीपासून पाचशे किलोमीटरवर जोडले गेले, तर ते कोणत्या देशात झाले? १९६७ च्या अवकाश करारानुसार उपग्रहावर तो नोंदवणाऱ्या देशाचा अधिकार चालतो. अमेरिकेने १९९० मध्ये आपल्या पेटंट कायद्यात तसे स्पष्ट कलम घातले : अमेरिकेच्या अधिकारातील यानावर वापरलेला शोध अमेरिकेतच वापरला असे समजायचे. आपल्या १९७० च्या कायद्यात असे कलम नाही. २०१७ च्या अवकाश विधेयकाच्या मसुद्यात बौद्धिक संपदेचा उल्लेख होता, पण तो उलटाच : यानावर निर्माण झालेली संपदा केंद्र सरकारची मानावी, असा. त्या मसुद्याचा कायदा झाला नाही. २०२३ चे अवकाश धोरण खासगी कंपन्यांना कक्षेत बोलावते. त्यांनी तिथे वापरलेल्या शोधाचे रक्षण कोण करणार, हे संसदेने एका कलमात सांगून टाकायला हवे. तोपर्यंत शहाणा पेटंट एजंट दावा असा लिहितो की साधन जमिनीवर बनवले किंवा विकले तरी हक्काचा भंग ठरावा. कारखाना तर जमिनीवरच असतो.

‘प्रकाशित’ला गुण का?

देशातल्या शिक्षणसंस्थांच्या एनआयआरएफ क्रमवारीत मिळालेल्या पेटंटबरोबर प्रकाशित पेटंटलाही गुण आहेत. म्हणून अर्ज भरायचा, लवकर छापून आणायचा, गुण घ्यायचे आणि परीक्षणाच्या शुल्काचा विषयच काढायचा नाही. मी शिकलो त्या कॉलेजात एका अर्जावर आठ-आठ प्राध्यापकांची नावे ‘शोधक’ म्हणून असत. ज्या पोराने सोल्डरिंग करून हात भाजून घेतले त्याचे नाव नसे. अशा अर्जांनी जर्नल जाड होते आणि परीक्षकाच्या डेटाबेसमध्ये कचरा वाढतो. प्रकाशनाचे गुण काढून ते परीक्षणाची विनंती आणि एफईआरला दिलेले उत्तर यांना द्यावेत. क्रमवारी ठरवणाऱ्यांना एका बैठकीत करता येईल असा हा बदल आहे.

खर्च किती, सुरुवात कुठून?

विद्यार्थी, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्थांना ऑनलाइन अर्जाचे शुल्क १,६०० रुपये, परीक्षणाचे ४,००० रुपये. अर्जदारांत एक जरी स्त्री असेल तर जलद परीक्षण मागता येते, त्याचे ८,००० रुपये. म्हणजे आपल्या पातूरच्या मुलीला रांगेत पुढे जाण्याचा मार्ग आहे. एजंटची फी वेगळी, आणि खिसा बहुधा तिथेच कापला जातो. पण एजंट सक्तीचा नाही. पेटंट मिळाले तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे चालते, तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाचे शुल्क भरावे लागते.

एक रुपयाही खर्च करण्याआधी फोनवर एक काम करता येते. गुगल पेटंट्स, युरोपचे एस्पासनेट आणि आपल्या पेटंट कार्यालयाचे ‘इनपास’ हे तिन्ही शोधमंच मोफत आहेत. उपग्रह जोडणे-सोडणे या विषयाचा आंतरराष्ट्रीय वर्ग आहे बी६४जी १/६४. शोधपेटीत तो रोमन अक्षरांत टाका, सोबत चुंबकासाठीचा इंग्रजी शब्द टाका आणि दोन-तीन संध्याकाळी नुसते दावे वाचत बसा. आपल्या कल्पनेच्या सर्वात जवळचे दोन कागद सापडले की त्यांना स्वतःच डी१, डी२ लिहा आणि तिसऱ्या कागदावर आपला दावा. पुढे सुनावणी लागली तरी मुंबईची गाडी पकडावी लागत नाही, ती व्हिडिओ कॉलवर होते.